प्रवासखर्चाचा अंदाज कसा करावा

पावसाळा ओसरला, बाजरी घरात आली आणि शाळांस दिवाळीची सुटी लागली, म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतून "औंदा वेरूळची लेणी बघूनच येऊ" असे बोल कानी येऊ लागतात. हे बोल ऐकून आम्हास आनंदच होतो. जी लेणी पाहावयास दूरदेशीचे लोक समुद्र ओलांडून येतात, ती आपल्या गावापासून शंभर किलोमीटरांवरही नसताना कितीएक शेतकऱ्यांनी व मजुरांनी जन्मात पाहिलेली नसतात. तेथील सोळावे लेणे, म्हणजे कैलास, हे एकाच कड्यातून वरून खाली कोरीत आणलेले अखंड देवालय आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी त्याचे मुख्य काम झाले असे विद्वान मानतात. परंतु छिन्नी चालविणारे हात राजाचे नव्हते, कष्टकऱ्यांचे होते. त्यांचे काम आपल्या मुलांनी डोळ्यांनी पाहावे, हे आम्हास फार अगत्याचे वाटते.

तथापि ह्या बोलण्यापाठोपाठ जो हिशेब होतो, तो बहुधा ओसरीवर उभ्याउभ्याच होतो. एसटीचे भाडे इतके, तिकीट इतके, वर थोडे चहापाणी, झाला हिशेब! मग तिसऱ्या प्रहरी परक्या शहरात खिसा चाचपण्याची वेळ येते, आणि घरी आल्यावर ज्याच्यापुढे हात पसरू नये त्याच्यापुढे तो पसरावा लागतो. बुरूज बांधावयास काढणाऱ्याचा दृष्टांत वाचकांस पाठच आहे. तो येथे पुन्हा सांगत नाही. आज आम्ही एकच कुटुंब व एकच प्रवास घेऊन त्याचे अंदाजपत्रक वाचकांपुढे मांडणार आहोत. ह्यात लेण्यांच्या तिकिटांचे व सवलतींचे अंक खरे आहेत; भाडे, मजुरी व जेवणाचे अंक समजुतीपुरते धरले आहेत. ते प्रत्येकाने आपल्या गावी चौकशी करून बदलून घ्यावेत.

कुटुंब नेवासे तालुक्यातील एका खेड्यातले आहे असे समजू. घरधनी, त्याची बायको, अडुसष्ट वर्षांची म्हातारी आई, सोळा वर्षांची मुलगी, अकरा वर्षांचा मुलगा व चार वर्षांचे शेंडेफळ, अशी सहा माणसे. बेत दोन दिवसांचा आहे. पहिल्या दिवशी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) गाठून तेथील बीबीचा मकबरा पाहावा व रात्री तेथेच राहावे. दुसऱ्या दिवशी तेथून तीसेक किलोमीटरांवरील वेरूळ पाहून घरी परतावे.

प्रथम भाडे. गावातून फाट्यापर्यंत काळी-पिवळी जीप माणशी २० रुपये घेते असे धरले, तर धाकट्यास मांडीवर घेऊन पाच जागांचे १०० झाले. फाट्यापासून शहरापर्यंत एसटीचे पूर्ण भाडे १०० रुपये समजू. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीने स्त्रियांस निम्मे भाडे केले आहे. ६५ ते ७५ वयाच्या स्त्रीपुरुषांस निम्मे व ७५ च्या वरील वृद्धांस माफ आहे. ५ ते १२ वर्षांच्या मुलांस निम्मे व त्याहून लहानास काही नाही. म्हणून धन्याचे १०० आणि बायको, आई, मुलगी व मुलगा यांचे पन्नास-पन्नास मिळून ३०० होतात. आईस स्त्री म्हणून एक व वृद्ध म्हणून दुसरी अशा दोन सवलती मिळत नाहीत, हे ध्यानात असावे. आणि तिचे आधारपत्र बरोबर असावे. शहरापासून वेरूळपर्यंत पूर्ण भाडे ५० धरले, तर ह्याच रीतीने १५० झाले. एकूण जाण्याचे ५५० व येण्याचे तितकेच, मिळून १,१००.

येथे एक खाचखळगा सांगून ठेवतो. ही सवलत एसटीची आहे, रस्त्यावरच्या सर्व वाहनांची नव्हे. फाट्यावर एसटी चुकली व तुम्ही त्याच भाड्याच्या खाजगी गाडीत चढलात, की ३०० चे ५०० होतात. पहाटे अर्धा तास लवकर उठण्याची किंमत ह्या कुटुंबास दोनशे रुपये आहे.

तसेच गतवर्षीच्या भाड्यावर यंदाचा हिशेब करू नये. २०२५ च्या जानेवारीत एसटीचे भाडे १४.९५ टक्के वाढले, तेव्हा जुन्या भाड्यावर विसंबून निघालेल्यांची फाट्यावरच तारांबळ उडाली. दूर रेल्वेने जाणारांनी तर अधिकच जपावे. वृद्धांस रेल्वेत जी सवलत मिळे ती मार्च २०२० मध्ये बंद झाली. पाच ते बारा वर्षांच्या मुलास स्वतंत्र झोपण्याची जागा घेतल्यास २०१६ पासून पूर्ण भाडे पडते. आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते, पूर्वीप्रमाणे एकशेवीस दिवस आधी नव्हे. "आमच्या मामांनी असे सांगितले" हा हिशेबाचा आधार होऊ शकत नाही. मामा कोणत्या साली गेले होते ते विचारावे.

आता तिकिटे. वेरूळ येथे भारतीयास ४० रुपये आणि मकबऱ्यास २५ रुपये पडतात. मोबाइलवरून भरल्यास प्रत्येकी पाच रुपये कमी. पंधरा वर्षांखालील मुलांस तिकीट नाही. तेव्हा चार माणसांचे वेरूळला १६० व मकबऱ्यास १००, मिळून २६० झाले.

भाडे व तिकिटे मिळून १,३६०. ओसरीवरचा हिशेब बहुधा येथेच संपतो, आणि "दोन हजार घेतले म्हणजे झाले" असे ठरते. आमच्या मते खरा हिशेब येथून पुढे सुरू होतो.

तो करण्याची सोपी रीत अशी. पैशांचा विचार क्षणभर सोडून द्यावा, आणि पहाटे घराचा उंबरा ओलांडल्यापासून दुसऱ्या रात्री पुन्हा उंबऱ्यात पाय ठेवीपर्यंत घटकेघटकेस काय घडेल ते डोळ्यांपुढे आणावे. हे काम घरधन्याने एकट्याने करू नये. बायकोस व आईस जवळ बसवून करावे, कारण लेकराला केव्हा भूक लागते व म्हाताऱ्या माणसास किती वेळा बसावे लागते हे त्यांस अधिक कळते. पहिल्या दुपारी घरच्या भाकरी, चटणी व कांदा आहे, खर्च नाही. संध्याकाळी शहरात पाच ताटे, १२० प्रमाणे ६००. सकाळचा नाश्ता व चहा २५०. दुसऱ्या दुपारच्या भाकरी आदल्या पहाटेच्या बांधलेल्या असल्यास उन्हाने आंबतील, म्हणून पुन्हा पाच ताटे, ६००. दोन्ही दिवसांचा वरकड चहा व पाणी ३००. जेवणखाण १,७५० झाले. मुक्कामाची खोली १,००० ची म्हटली, तरी सहा माणसांस वाढीव गाद्या घ्याव्या लागतात, १,२०० धरावे. शहरात नातेवाईक असल्यास हा खर्च वाचेल असे कोणी म्हणेल. परंतु सहा जणांनी रिकाम्या हाताने कोणाच्या दारी जाणे आपल्यात बरे दिसत नाही, तेव्हा तेथेही दोन-तीनशे रुपये धरलेच पाहिजेत.

मकबरा बसस्थानकापासून म्हातारीस चालण्याजोगा नाही. रिक्षात तीनच माणसे बसविण्याची परवानगी असते, म्हणून दोन रिक्षा. जाऊन-येऊन ८० प्रमाणे ३२०. शौचकूपास ठिकठिकाणी पाच-दहा रुपये द्यावे लागतात. दोन दिवसांत सहा माणसांचे १०० सहज होतात. हा खर्च लोक लाजेने लिहीत नाहीत, आणि मग बायामाणसे दिवसभर पाणी न पिता फिरतात. असा वाचविलेला पैसा आम्हास वाचविलेला वाटत नाही. औषधास १००. मुलांच्या खेळण्यास व एखाद्या छायाचित्रास ३००. हे देणारच नाही असे घरी ठरविणारा बाप लेण्यांच्या दारी पाचच मिनिटांत पाघळतो, तेव्हा आधीच लिहून ठेवणे बरे. शेजारच्या घरी नेण्याच्या खाऊस १५०.

एवढ्याने बेरीज ५,२८० वर गेली. निघण्यापूर्वीचा खर्च वेगळाच असतो. मुलाची चप्पल तुटकी आहे, ती २५०. पिशवी हवी, ती ३००. झाले ५,८३०.

आता राहिला तो खर्च, जो कोठे देताना दिसत नाही व म्हणून कोणीच धरीत नाही: बुडालेली मजुरी. धन्याची रोजंदारी ४०० व बायकोची ३०० धरली, तर दोन दिवसांची १,४०० झाली. म्हैस व शेळ्या सांभाळणाऱ्या शेजाऱ्यास २०० देणे न्यायाचे आहे. पगारदार माणसास सुटीच्या दिवशीही पगार चालू असतो. मजुराची सुटी ही स्वतःच एक विकत घेतलेली वस्तू आहे. शहरातल्या लोकांनी लिहिलेल्या प्रवासाच्या सल्ल्यांत हे कलम नसते, त्यास ते काय करणार! ते धरून बेरीज ७,४३० होते. त्यावर सुमारे दहावा भाग, म्हणजे ७५०, अडचणीसाठी राखून ठेवावा. एकूण ८,१८०.

ओसरीवर दोन हजार ठरले होते.

वाचकहो, हा अंक पाहून कोणी बेत मोडू नये. मात्र येथे दोन वाटा फुटतात. पुष्कळ लोक बेत जसाच्या तसा ठेवून पैसा ताणतात. आम्ही म्हणतो की पैसा आहे तितकाच धरून बेत कापावा. कापताना किरकोळ कलमांवर विळा चालवू नये. मुलाचे खेळणे काढले तर शंभर-दोनशे वाचतात व प्रवासाचा रस जातो. परंतु मुक्काम काढला तर सारे चित्र पालटते. हेच कुटुंब पहाटे निघून फक्त वेरूळ पाहून त्याच रात्री परतले तर काय होते ते पाहा. भाडे १,१००, तिकिटे १६०, दुपारच्या भाकरी घरच्या, चहा व फराळ ४००, शौचकूप ५०, खेळणी २००, खाऊ १५०, औषध १००, चप्पल २५०, एका दिवसाची मजुरी ७००, शेजाऱ्यास १००. बेरीज ३,२१०, राखीव ३५० धरून ३,५६०. मकबरा राहिला, पण खर्च निम्म्याहूनही खाली आला आणि कैलास सर्वांनी पाहिला.

ह्यात एक धोका आहे. अंधार पडल्यावर फाट्यावरून गावाकडे काळी-पिवळी मिळत नाही, व खास गाडी केली तर ३०० रुपये जातात. म्हणजे राखीव रक्कम तेथेच संपली. यास्तव दुपारी तीनच्या सुमारास, मुले कितीही रडली तरी, वेरूळ सोडावे. दौलताबादचा किल्लाही वाटेवर दिसतो व उतरण्याचा मोह होतो. तो अवघड चढाचा आहे. त्यात अर्धा दिवस व आईचे गुडघे दोन्ही खर्ची पडतील. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीहून राजधानी त्या ठिकाणी हलविली आणि काही वर्षांतच परत नेली. एवढ्या मोठ्या प्रवासाचे अंदाजपत्रक त्याने कोणाजवळ बसून केले होते, न कळे. आपण तो किल्ला खिडकीतून पाहावा आणि पुढील वर्षासाठी ठेवावा.

पैसा कोठून आणावा हा प्रश्न आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता. साठविलेला पैसा असल्यास बोलणेच नको. महिना तीनशे बाजूस टाकले तर बारा महिन्यांत ३,६०० होतात, आणि एका दिवसाच्या प्रवासाचा खर्च त्यातच भागतो. कर्जाने जाणाराने मात्र व्याजही अंदाजपत्रकात लिहावे: आठ हजार रुपये महिना शेकडा तीन दराने दहा महिने राहिले, तर २,४०० रुपये व्याजाचे होतात. एवढ्यात दुसरा प्रवास होण्यास थोडेच कमी पडेल.

परंतु आमच्या जिल्ह्यात व शेजारच्या बीड जिल्ह्यात याहूनही अवघड एक गोष्ट आहे, ती म्हणजे मुकादमाची उचल. ऊसतोडीस जाणाऱ्या जोडप्याच्या हाती गळीत हंगामापूर्वी, नेमके ह्याच दिवसांत, एकदम मोठी रक्कम येते. वर्षात दुसऱ्या वेळी इतका पैसा घरात नसतो, म्हणून प्रवासाचा विचारही त्याच वेळी सुचतो. ती रक्कम मिळकत नव्हे. अजून न तोडलेला ऊस आहे. तोडणीचा दर टनास ३५० रुपये धरला, तर ८,१८० रुपयांसाठी तेवीस टनांहून अधिक ऊस तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून गाडीत भरावा लागतो. जोडीने दिवसास दोन टन केले तरी हे बारा दिवसांचे काम झाले. थंडीत पहाटे, पोरे पाचटावर निजवून. दोन दिवसांचा आनंद व बारा दिवसांचा कोयता, असा हा सौदा आहे. कोणी म्हणेल की आमची पोरे सहा महिने फडातच राहणार, तर त्यापूर्वी दोन दिवस त्यांनी काही पाहू नये काय? पाहावे, आमचे मन ह्या प्रश्नास नाही म्हणण्यास धजत नाही. परंतु मग एका दिवसाचा बेत घ्यावा, आणि त्याची पाच दिवसांची तोड आपण पत्करली आहे हे नवराबायकोने एकमेकांस सांगून निघावे.

आता चार घरांनी मिळून, अथवा मंडळीच्या तरुणांनी व बायकांनी मिळून गाडी ठरविण्याविषयी थोडेसे. येथे हिशेबाचे गणित उलटे चालते. भाड्याच्या गाडीचा दर किलोमीटरास असतो खरा, परंतु बहुधा दिवसास ३०० किलोमीटरांचे भाडे, गाडी कमी चालली तरी, घेतातच. आणि मोजणी मालकाच्या दारापासून त्याच्या दारापर्यंत होते. सतरा आसनी गाडीचा दर २८ रुपये धरला, तर दोन दिवसांचे ६०० किलोमीटर, म्हणजे १६,८००; चालकाचा भत्ता १,०००; टोल व गाडी उभी करण्याचे ६००; एकूण १८,४००. फाट्यापासून नुसते वेरूळ पाहून आलात तर गाडी १८० किलोमीटरच चालेल, पण भाडे सहाशेंचे जाईल. शहरापासून शंभरेक किलोमीटरांवरील अजिंठाही त्यात पाहिला, तर एकूण फेरी ३८० किलोमीटरांची होते व गाडीभाडे वाढत नाही. म्हणून एसटीने जाणाऱ्या कुटुंबाने अजिंठ्याचा लोभ धरू नये, आणि गाडी करणाऱ्यांनी तो सोडू नये. अजिंठ्यास गाडी फर्दापुराजवळ फाट्यावर ठेवून पुढील चारेक किलोमीटर तेथील बसने जावे लागते. तिचे भाडे माणशी वेगळे. लेण्यांचे तिकीट वेरूळप्रमाणेच ४० आहे. पायऱ्या पुष्कळ आहेत. वृद्धांस डोली मिळते, पण तिचा दर बसण्यापूर्वी ठरवावा.

वर्गणी काढताना १८,४०० भागिले १६ असे करून १,१५० सांगतात. मग चार जण आयत्या वेळी गळतात, आणि उरलेल्या बारांवर १,५३३ पडतात. यास्तव बारा माणसे धरूनच वर्गणी सांगावी, गाडीस विसार देण्यापूर्वी निम्मी रक्कम हाती घ्यावी, व माणसे वाढल्यास परत द्यावी. माणशी भाडे कमी पडावे म्हणून मालवाहू टेंपोत माणसे भरण्याचा विचार तर कोणी मनातही आणू नये. ते कायद्याने मना आहे, आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाई मिळण्यास फार अडचण पडते.

वर्गणीत काय काय आले हे स्पष्ट सांगणे त्याहून महत्त्वाचे आहे. आमच्या माहितीतील एका गावच्या बायका अशाच लेण्यांस गेल्या होत्या. वर्गणी गाडीची व जेवणाची होती. तिकीट ज्याचे त्याने काढावयाचे होते, पण हे सर्वांस सांगितलेले नव्हते. दाराशी पोहोचल्यावर एक विधवा बाई "माझा गुडघा धरलाय, तुम्ही जाऊन या" असे म्हणून बाहेर झाडाखाली बसून राहिली. परत येताना तिच्या शेजारणीच्या ध्यानात आले की गुडघ्यास काही झाले नव्हते; चाळीस रुपये नव्हते. एवढा प्रवास करून ती दारावरून परतली. अंदाजपत्रकात तिकीट वर्गणीतच धरले असते, तर ही वेळ आली नसती. ज्यांस पूर्ण वर्गणी झेपत नाही त्यांच्याशी जाण्यापूर्वी एकांतात बोलावे, आणि त्यांचा वाटा इतरांत वाटून तो चारचौघांत उच्चारू नये.

निघण्याचा वार पाहूनच ठरवावा. अजिंठा सोमवारी व वेरूळ मंगळवारी बंद असते. मंगळवारी वेरूळच्या दारी पोहोचलेल्या कुटुंबाचा सारा खर्च व्यर्थ गेलाच, वर मजुरीही बुडाली. आम्हास शुक्रवार-शनिवार सोयीचे वाटतात. रविवार घरी मिळतो.

वाटेत पैसा एका खिशात ठेवू नये. परतीचे ५५० रुपये निघतानाच वेगळे बांधून आईच्या बटव्यात द्यावेत, व ते कोणत्याही कारणास्तव सोडू नयेत. मोबाइलवरून पैसे देण्याची सवय आता खेड्यातही झाली आहे, परंतु फाट्यावर जाळे नसले की तो उपयोगी पडत नाही, रोख असावीच. जेथे खर्च होईल तेथेच मुलीने वहीत टिपून घ्यावा, कारण रात्री आठवून लिहिलेला हिशेब नेहमी शे-दोनशेंनी चुकतो. घरी आल्यावर अंदाजाचा अंक व प्रत्यक्ष खर्चाचा अंक शेजारी-शेजारी मांडावेत आणि ती वही टाकून देऊ नये. पुढील वर्षी किल्ल्याचा बेत निघेल तेव्हा तीच पहिली उघडावी. मंडळीचा प्रवास असल्यास हिशेब दोघांच्या सहीने लिहावा, आणि उरलेली शिल्लक ज्याची त्यास, गाडीतून उतरण्यापूर्वीच, मोजून द्यावी.